मूठभर धान्य आणि दत्तक शाळा

शाळा बांधण्यासाठी पैसे मागायला आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणे कोणाही सहृदय व्यक्तीला जड जाते. देवळासाठी, मिरवणुकीसाठी वा पुतळ्यासाठी वर्गणी मागणाऱ्याशी वाद घालता येतो. शाळेसाठी मागणाऱ्याशी वाद घालायला जागाच उरत नाही. या निर्विवादपणामुळेच शाळेच्या वर्गणीमागचे अर्थकारण आणि राजकारण तपासायचे राहून जाते. ते तपासणे आज समाजवादी कार्यकर्त्याच्या दृष्टीने निकडीचे झाले आहे.

घाना, टोगो, सिएरा लिओन, सेनेगल अशा पश्चिम आफ्रिकी देशांच्या खेड्यांत शाळा बांधण्यासाठी युरोप-अमेरिकेतील असंख्य स्वयंसेवक निधी जमवत असतात. महाविद्यालयीन विद्यार्थी घरचे खाद्यपदार्थ विकतात, धावण्याच्या शर्यती भरवतात, चर्चमधील मंडळे वर्गणी काढतात. आणि पुष्कळदा ही मंडळी स्वतः विमानाने जाऊन दोन-तीन आठवडे विटा वाहतात, भिंती रंगवतात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या विमानभाड्यात तिथल्या गवंड्याला कित्येक महिने काम मिळाले असते, ते भाडे खर्चून अकुशल हातांनी उभारलेल्या भिंतीचा हिशेब कोणी मांडायचा? आणि त्याहूनही मोठा प्रश्न असा की, भिंत उभी राहिल्यावर आत शिकवणाऱ्या शिक्षकाचा पगार पुढची तीस वर्षे कोणी द्यायचा?

दूरच्या खंडाचा प्रश्न म्हणून तो बाजूला सारता येत नाही. पुण्याहून पौडच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात मुळशी तालुक्यात तेच दृश्य दिसू लागते. शनिवार-रविवारी कंपन्यांचे कर्मचारी एकाच रंगाचे सदरे घालून बसने येतात, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंती रंगवतात, दप्तरे आणि वह्या वाटतात, मुलांसमवेत छायाचित्रे काढतात आणि सूर्यास्तापूर्वी शहराकडे परततात. कोठे स्वच्छतागृह बांधून मिळते, कोठे संगणक येतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याची जबाबदारी टाकली आणि हा खर्च करताना कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही म्हटले. हिंजवडीची संगणकनगरी आणि पिरंगुटचे कारखाने याच तालुक्यात असल्यामुळे मुळशीच्या शाळांकडे हा ओघ वळणे स्वाभाविक आहे.

शाळेसाठी पैसा लोकांकडून गोळा करावा की नाही, हा वादाचा मुद्दा नव्हे. महाराष्ट्रातील बहुजन समाजाचे शिक्षण लोकवर्गणीवरच उभे राहिले. मुद्दा असा की, त्या वर्गणीतून गावाचा सरकारी तिजोरीवरचा हक्क बळकट होतो, की तो हक्क सोडून दिल्याची पावती सरकारच्या हाती पडते? एकच रुपया ही दोन्ही कामे करू शकतो. तो कोणते काम करील, हे देणाऱ्याच्या हेतूवर ठरत नाही. तो कोणत्या अटीवर घेतला यावर ठरते.

नेलेले पाणी, परत आलेले दान

मुळशीला दान कशासाठी घ्यावे लागते, हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागेल. १९२१ साली १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यातील मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर होणाऱ्या या धरणाखाली सुमारे ५२ गावे आणि ११ हजार माणसे येणार होती. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी या लढ्याला नेतृत्व दिले. १९२४ च्या अखेरीस तो लढा मोडला. धरण झाले, आणि मावळातले पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याच्या वीजगृहात उतरून मुंबईच्या गिरण्यांना आणि गाड्यांना वीज पुरवू लागले. जमिनीचा जो मोबदला मिळाला त्याचा मोठा भाग कुळांच्या हाती न पडता सावकारांच्या हाती पडला, कारण जमिनी आधीच कर्जात गेल्या होत्या.

भातशेती गेलेला शेतकरी डोंगराच्या उतारावर सरकला. वस्त्या विखुरल्या. आजही मुळशीच्या पश्चिम भागात, ताम्हिणीकडच्या प्रचंड पावसाच्या प्रदेशात, दहा-वीस घरांच्या वाड्या, धनगरांचे वाडे आणि कातकऱ्यांच्या वस्त्या पसरलेल्या दिसतात. या विखुरलेपणामुळे तिथल्या शाळांचा पट लहान राहतो. आणि पट लहान म्हणून शाळा परवडत नाही असे आता सरकार म्हणते. ज्या प्रदेशातून महानगराने पाणी नेले, पुढे ज्याच्या टेकड्या लवासासारख्या श्रीमंतांच्या गिरिनगराला मिळाल्या आणि ज्याच्या भाताच्या खाचरांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्या प्रदेशाला एक खोली आणि दोन शिक्षक परवडत नाहीत, हा हिशेब कोणत्या अर्थशास्त्रात बसतो?

असाच हिशेब पश्चिम आफ्रिकेतही सापडतो. घानामध्ये व्होल्टा नदीवरचे आकोसोम्बो धरण १९६५ साली पुरे झाले. ७०० हून अधिक खेडी पाण्याखाली गेली, सुमारे ८० हजार माणसे उठवली गेली आणि त्यांना ५२ नव्या वसाहतींत बसवण्यात आले. त्या विजेचा मोठा वाटा तेमा येथील अमेरिकी मालकीच्या ॲल्युमिनियम कारखान्याकडे गेला, आणि तोही अत्यंत स्वस्त दराने. आज याच व्होल्टा परिसरातल्या खेड्यांत परदेशी स्वयंसेवक शाळा बांधताना दिसतात. घाना आणि आयव्हरी कोस्ट हे दोन देश मिळून जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकवतात. पण त्या कोकोच्या चॉकलेटवरचा मोठा नफा पिकवणाऱ्या खेड्यात राहत नाही, तो युरोप-अमेरिकेत जातो. त्यातला एक कण शाळेच्या देणगीच्या रूपाने परत आला की त्याला परोपकार म्हणायचे आणि मूळ प्रवाहाविषयी बोलायचे नाही, असा संकेत पडून गेला आहे. मुळशीत आणि व्होल्टाकाठी दान हे पुष्कळदा नेलेल्या संपत्तीचा परत आलेला लहानसा अंश असतो.

तिजोरीने केलेले काम

पश्चिम आफ्रिकेतील शाळा नेहमीच परक्यांच्या दयेवर चालत होत्या, असा समज त्या निधीपत्रकांवरील उघड्या पायांच्या मुलांची छायाचित्रे पाहून होतो. तो खरा नाही. गोल्ड कोस्टमध्ये (म्हणजे आजच्या घानात) क्वामे एन्क्रुमा यांच्या सरकारने १९५१ च्या शिक्षण योजनेनुसार प्राथमिक शाळांची शिकवणी फी रद्द केली, आणि स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या कायद्याने मूलभूत शिक्षण सक्तीचे व मोफत केले. नायजेरियाच्या पश्चिम विभागात ओबाफेमी अवोलोवो यांच्या सरकारने जानेवारी १९५५ पासून मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, तेव्हा एका वर्षात तिथली पटसंख्या सुमारे साडेचार लाखांवरून आठ लाखांच्या वर गेली. एवढी मुले कोणत्याही स्वयंसेवी निधीने शाळेत आणलेली नाहीत. कोकोच्या उत्पन्नातून आणि करांतून भरलेल्या सार्वजनिक तिजोरीने ती आणली. त्या विस्तारात अप्रशिक्षित शिक्षक, गर्दीचे वर्ग असे पुष्कळ दोष राहिले. पण शाळेत जाणे हा मुलाचा अधिकार आहे ही कल्पना खेड्यापर्यंत पोहोचली.

ही व्यवस्था पुढे खिळखिळी झाली त्यामागे कोकोच्या किमतींची घसरण, लष्करी राजवटी आणि भ्रष्टाचार ही कारणे होतीच. परंतु १९८० नंतरच्या दशकात आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांनी कर्जाबरोबर ज्या अटी लादल्या, त्यांनी सार्वजनिक खर्चाला कात्री लागली आणि शिक्षणाचा खर्च पालकांच्या अंगावर ढकलला गेला. परदेशी स्वयंसेवकांच्या शाळाबांधणीची लाट वाढली ती सरकारने मागे घेतलेल्या पावलांनी मोकळ्या झालेल्या या जागेत. घानाने २००५ साली प्रत्येक मुलामागे शाळेला अनुदान देऊन प्राथमिक शाळांतील फी पुन्हा उठवली तेव्हा पटसंख्या पुन्हा वाढली. हा अनुभव पुरेसा बोलका आहे. भिंतीअभावी काही मुले शाळेबाहेर राहतात. परंतु फी, अंतर आणि शिक्षकाचा अभाव यांमुळे बाहेर राहणाऱ्यांची संख्या त्याहून फार मोठी असते, आणि ही तिन्ही कारणे विटांनी दूर होत नाहीत.

साताऱ्याचा धडा

लोकवर्गणी हक्काच्या बाजूने कशी उभी राहते, याचा दाखला शोधायला मात्र समुद्र ओलांडायची गरज नाही. १९१९ साली कराडजवळच्या काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली ती साताऱ्यास आली आणि तिथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. लक्ष्मीबाई पाटील यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. ‘मुष्टिफंडा’च्या रूपाने बाया दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत आणि ते वसतिगृहाला जाई. १९३५ साली संस्थेने शिक्षकांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढले आणि त्यानंतर साताऱ्याच्या खेड्यापाड्यांत ‘व्हॉलंटरी’ शाळांचे जाळे विणले. त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. या शाळा कोठे देवळात, कोठे चावडीत, कोठे धर्मशाळेत भरत.

या इतिहासातील तीन गोष्टी आजच्या दातृत्वाशी ताडून पाहाव्यात. पहिली : भाऊरावांनी इमारतीच्या आधी शिक्षक तयार केला. देऊळ चालले, चावडी चालली, झाडाची सावली चालली. शिक्षकावाचून मात्र शाळा उघडली नाही. आजचा दाता नेमका उलट क्रम लावतो, कारण शिक्षकावर फलक लावता येत नाही. दुसरी : देणारी आणि घेणारी गावे वेगळी नव्हती. मूठभर धान्य देणाऱ्या बाईचा मुलगा किंवा तिच्या भावकीतला मुलगा त्याच वर्गात बसे. म्हणून तिला हिशेब विचारण्याचा अधिकार होता, आणि ती शाळा बंद पडू लागली असती तर ती गप्प बसली नसती. तिसरी, आणि राजकीय दृष्ट्या सर्वांत महत्त्वाची : भाऊरावांनी सरकारी अनुदानाला भीक मानले नाही. ते रयतेच्याच कराचे पैसे आहेत अशी त्यांची भूमिका होती. १९४८ साली मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले, तेव्हा ते सरकारपुढे वाकले नाहीत. लोकांत गेले, आणि लोकमताच्या रेट्याने ते अनुदान पुन्हा सुरू करावे लागले. व्हॉलंटरी शाळाही पुढे सार्वजनिक यंत्रणेकडे सोपवल्या गेल्या. म्हणजे मूठभर धान्याने सरकारला मोकळे केले नाही, सरकारला बांधून घेतले.

भाऊराव एकटे नव्हते. त्यांच्यामागे दीर्घ परंपरा होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिराव फुल्यांनी हेच मांडले की, सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. १९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. या सर्वांनी दान मागितले नव्हते. सरकारी खर्चाचा क्रम बदलण्याची मागणी केली होती.

दत्तक कोणाला जावे लागते?

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाचे सप्टेंबर २०२३ मधील दोन निर्णय वाचले पाहिजेत. एका निर्णयाने शासकीय शाळा कंपन्यांना व संस्थांना ‘दत्तक’ देण्याची योजना पुढे आली. ग्रामीण भागातील शाळेसाठी पाच वर्षांकरिता ५० लाख किंवा दहा वर्षांकरिता १ कोटी रुपये मोलाचे साहाय्य दिले, तर तेवढ्या काळापुरते दात्याला हवे ते नाव शाळेला जोडता येईल, अशी तिच्यात तरतूद होती. त्याच सुमारास वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्याने मागवले. राज्यात अशा १४,७८३ शाळा आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले असल्याची आकडेवारी तेव्हा प्रसिद्ध झाली. नमुना म्हणून दाखवण्यात आली ती मुळशीच्या शेजारच्या वेल्हे (आता राजगड) तालुक्यातील पानशेतची शाळा.

शाळेला दात्याचे नाव असणे हे काही पाप नव्हे. रयतच्या कित्येक शाळांना दात्यांची नावे आहेत. परंतु कृतज्ञतेने दिलेले नाव आणि मुदतीच्या भाडेपट्ट्याने विकलेले नाव यांत फरक आहे. दहा वर्षांनी नवा दाता आला की शाळेचे नाव पुन्हा बदलणार असेल, तर त्या गावाने आपल्या मुलांना आपण कोणत्या शाळेत शिकलो असे सांगायचे? शिवाय ‘दत्तक’ हा शब्दच बरेच काही सांगून जातो. आईबाप हयात असताना आणि त्यांची मिळकत शाबूत असताना मूल दत्तक द्यायचे, तर त्यांना ते नकोसे झाले आहे एवढाच त्याचा अर्थ होतो.

मिळकत शाबूत आहे का, असा प्रश्न विचारला जाईल. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी असे सांगितले; २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही त्याच आकड्याचा पुनरुच्चार केला; मधल्या चोपन्न वर्षांत तो एकदाही गाठला गेला नाही. याउलट सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर, सवलती सोडणाऱ्यांसाठी, ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा त्यामुळे बुडणाऱ्या वार्षिक महसुलाचा खुद्द अर्थमंत्र्यांनी सांगितलेला अंदाज १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा होता. त्या सुमारास देशातील सर्व कंपन्यांचा सामाजिक कामावरचा वर्षाचा खर्च २५ हजार कोटींच्या आसपास होता. एका हाताने सोडलेल्या कराचा सहावा भाग दुसऱ्या हाताने दान म्हणून स्वीकारायचा आणि त्याबद्दल शाळेवर नाव लावून द्यायचे, हा व्यवहार गावच्या किराणा दुकानदारालाही तोट्याचा वाटेल.

हाच काटकसरीचा न्याय शिक्षकांनाही लागू झाला. २००० साली महाराष्ट्राने ‘शिक्षणसेवक’ ही व्यवस्था आणली. पूर्ण प्रशिक्षित तरुण-तरुणींना पहिली तीन वर्षे केवळ ३ हजार रुपये मानधनावर प्राथमिक शाळांत राबवले गेले. पुढे हे मानधन वाढत २०२३ साली १६ हजारांवर आले. पण ‘सेवक’ हे नाव आणि तीन वर्षांची टांगती अवस्था कायम राहिली. भिंतीला दाता मिळतो. शिक्षकाच्या पूर्ण पगाराला दाता मिळत नाही आणि सरकार तो टाळते.

तोवर मुलांनी भिजायचे काय?

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. हक्काची लढाई दीर्घ असते. मुळशीचा पाऊस मात्र जूनमध्येच येतो. गळक्या वर्गात बसणाऱ्या मुलीला तिजोरीचे तत्त्वज्ञान सांगून तिचे दप्तर कोरडे राहत नाही. एखादा स्वयंसेवक पत्रे घेऊन आला असेल तर त्याला माघारी धाडणे हा वैचारिक अहंकार ठरेल. हे खरे आहे, आणि म्हणून बहिष्काराचा सल्ला इथे द्यायचा नाही. भाऊरावांनीही राजेरजवाड्यांचे आणि धनिकांचे पैसे घेतले होते.

दुसरा आक्षेप लहान शाळांविषयी आहे. चार-पाच मुलांच्या शाळेत खेळ नाही, स्पर्धा नाही, ग्रंथालय नाही. मग मोठी शाळा आणि तिथवर वाहन हेच हिताचे नव्हे काय? या म्हणण्यातही तथ्य आहे. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आणि त्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले आहे. आणि साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक देण्याचे बंधन घातले आहे. हे कोणाच्या मर्जीचे दान नव्हे. शाळा दूर नेण्यापूर्वी वाहन, वाहनासोबतचा माणूस आणि त्या खर्चाची कायमची अंदाजपत्रकीय तरतूद दाखवली गेली पाहिजे. ते वाहन कंपनीच्या देणगीवर धावणार असेल, तर नफा घटलेल्या वर्षी ते थांबेल, आणि घाटातल्या पावसात पहिली घरी बसेल ती मुलगी.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी मांडत नाही, पण ती सर्वांत अडचणीची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट घटला तो केवळ वस्त्या विखुरल्यामुळे नव्हे. ज्यांना शक्य झाले त्यांनी आपली मुले पौड, पिरंगुट आणि पुण्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हलवली. त्यांत सरपंच आहेत, शिक्षक आहेत आणि समाजवादी पक्षांचे कार्यकर्तेही आहेत. याच तालुक्यात खुबवली येथे १९९७ पासून देशोदेशींच्या, अगदी आफ्रिकेतल्याही, विद्यार्थ्यांचे निवासी महाविद्यालय आहे आणि लवळ्याच्या टेकड्यांवर खाजगी विद्यापीठे उभी आहेत. त्यांच्या पायथ्याशी वाडीवरची शाळा पटाअभावी बंद होते. राष्ट्रपतीचे मूल असो वा शिपायाचे, शिक्षण एकसमान असले पाहिजे, ही समाजवादी चळवळीची जुनी मागणी आहे. ज्यांच्या घरचे मूल सरकारी शाळेत नाही, त्यांचा त्या शाळेविषयीचा आवाज क्षीण होतो, एवढे तरी प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

कार्यकर्त्याने काय करावे

तेव्हा मुळशीत किंवा अन्यत्र कोणी शाळेसाठी पैसा घेऊन आले, तर कार्यकर्त्याची भूमिका स्वच्छ असावी. पैसा घ्यावा, पण तो शाळा व्यवस्थापन समितीमार्फत. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. बहुतेक गावांत ही समिती कागदावर असते आणि सह्या मुख्याध्यापक गोळा करतात. ती जागी करणे हे पहिले काम आहे. मिळालेल्या प्रत्येक रकमेचा आणि वस्तूचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. देणाऱ्याचे आभार मानावेत, फलकही लावावा. शाळेचे नाव मात्र मुदतीवर देऊ नये.

दुसरे काम याहून महत्त्वाचे आहे. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार कायद्याने या समितीलाच दिला आहे आणि तो आराखडा सरकारी अनुदानाचा आधार मानला आहे. या कलमाचा उपयोग करणारी गावे थोडी आहेत. किती शिक्षक कमी आहेत, कोणत्या वाडीपासून शाळेचे अंतर किती, पावसाळ्यात कोणता ओढा आडवा येतो, वीजबिल न भरल्याने दान मिळालेले संगणक किती महिने बंद राहिले, हे सर्व त्यात लिहिले गेले पाहिजे. जे काम देणगीतून झाले, तेही त्यात सरकारवरील येणे म्हणून नोंदवावे : हे काम जिल्हा परिषदेचे होते, ते अमुक वर्षी लोकांनी केले, त्याची देखभाल आणि पुढील खर्च यापुढे अंदाजपत्रकातून व्हावा. असे लिहिले की स्वयंसेवकाने दिलेला पत्रा सरकारच्या मुक्ततेचा दाखला न राहता सरकारविरुद्धचा पुरावा होतो.

तिसरे, दात्यांशीही बोलले पाहिजे. शनिवारी भिंत रंगवायला येणारे तरुण निर्बुद्ध नसतात, निष्ठुर तर नसतातच. त्यांतले पुष्कळ जण सरकारी शाळेत शिकलेल्या आईबापांची मुले असतात. त्यांना रंगाचा डबा ठेवून घटकाभर पालकांबरोबर बसवावे, शिक्षकांच्या रिक्त जागांचा कागद दाखवावा, त्यांच्या कंपनीला मिळालेल्या करसवलतीचा हिशेब समजावून सांगावा आणि जिल्हा परिषदेकडे जाणाऱ्या निवेदनावर गावकऱ्यांबरोबर त्यांचीही सही मागावी. काही जण पुन्हा येणार नाहीत. जे येतील ते दाते म्हणून येणार नाहीत, सोबती म्हणून येतील. घानाच्या खेड्यात विटा वाहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यालाही त्याच्या देशातील सरकारने आणि बँकांनी त्या खेड्याचे काय केले हे कळले, तर तो मायदेशी अधिक उपयोगी पडेल.

आणि चौथे, गावाने स्वतः काहीतरी दिले पाहिजे. श्रम, तांदूळ, एक दिवसाची मजुरी, जे ज्याला झेपेल ते. रक्कम लहान असेल. तिचा उपयोग रकमेपुरता नसतो. ज्याने मूठभर दिले आहे तो विचारायला कचरत नाही. मुळशीच्या बायाबापड्यांनी १९२१ साली टाटांना आणि इंग्रज सरकारला प्रश्न विचारला होता तो दान मागण्यासाठी नव्हे, आपली जमीन कोणाच्या अधिकाराने घेता, हे विचारण्यासाठी. त्यांच्या पणतवंडांच्या शाळेला कुलूप लावण्याचा कागद वाडीवर येईल, त्या दिवशी ग्रामसभेत तोच प्रश्न उभा राहिला पाहिजे. त्यासाठी आराखडा आधी लिहून ठेवायला हवा, आणि तो लिहायला बसलेल्या बायांच्या शेजारी एका तरी कार्यकर्त्याने बसायला हवे.